वरचे दूध कमी करून पुन्हा अंगावर

प्रश्न : माझे पहिले बाळ दहा आठवड्यांचे आहे. सिझेरियननंतर पहिले तीन दिवस दूध पुरेसे उतरले नाही, त्यात बाळाला कावीळ दिसली आणि डॉक्टरांनी पावडरचे दूध सुरू करायला सांगितले. पुढे मला दूध आले, पण वरचे काही सुटले नाही. अंगावर पाजून झाले की दिवसातून चार वेळा ६० मि.ली. बाटलीने देते. जन्मवजन २.७ किलो होते, गेल्या आठवड्यात ४.४ किलो भरले. आता छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, पंप लावला तर जेमतेम ३० मि.ली. निघते आणि संध्याकाळी बाळ तासतासभर सोडत नाही. माहेरी सगळे म्हणतात, ‘तुला दूधच कमी आहे, लेकराला उपाशी ठेवू नकोस.’ मला पूर्णपणे अंगावर पाजायचे आहे. जमेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. या वयाच्या बाळाला दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मि.ली. दूध लागते. म्हणजे तुमच्या बाळाला ६६० मि.ली.च्या आसपास लागणार. त्यातले २४० मि.ली. तुम्ही डब्यातले देता आणि बाळाचे वजन तर चांगले वाढते आहे, तेव्हा उरलेले ४०० मि.ली.हून अधिक दूध ते तुमच्या अंगावरच पिते आहे. हिशेब ढोबळ आहे, पण ‘दूधच कमी’ म्हणणाऱ्यांना तो जरूर दाखवा.

ज्या तीन गोष्टींनी तुम्हाला धास्ती वाटते, त्यांतली एकही दूध कमी असल्याची खूण नाही. सहा-आठ आठवडे उलटले की शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज येतो आणि छातीचा सुरुवातीचा ताठरपणा उतरतो. पंपाला बाळाच्या जिभेची आणि जबड्याची सर नसते, आणि पाजून झाल्यावर पंप लावला असेल तर ३० मि.ली. हे उलट चांगलेच म्हणायचे. संध्याकाळी सारखे अंगाला लागून राहणे हा तर या वयाचा स्वभावच आहे. त्या वेळी बाळ रडते म्हणून बाटली दिली जाते, बाटलीने ते झोपते, आणि घरातल्यांना वाटते की भूक होती म्हणूनच झोपले.

खरा पेच असा आहे की छातीतून जितके दूध निघते त्या मानाने पुढचे तयार होते, आणि साठून राहिले तर शरीर निर्मिती कमी करते. बाटलीतल्या प्रत्येक ६० मि.ली.मुळे तेवढी मागणी तुमच्या शरीरापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच बाटली एका दिवसात बंद करणे चुकीचे, आणि ‘दूध वाढले की बंद करू’ म्हणून थांबून राहणेही चुकीचे. ती पायरीपायरीने उतरवावी लागते.

सकाळच्या वेळेपासून सुरुवात करा, कारण पहाटे दूध भरपूर असते. त्या वेळचे ६० मि.ली. ३० वर आणा आणि तीन-चार दिवस तसेच राहू द्या. बाळ समाधानी असेल तर तेही काढून टाका, मग पुढच्या वेळेकडे वळा. संध्याकाळची बाटली सर्वांत शेवटी. अशा आठ पायऱ्या होतात, म्हणजे साधारण चार आठवडे धरून चाला. मात्र कमी करायचे ते तयार दुधाचे माप. डब्यावर लिहिलेले पावडर आणि पाण्याचे प्रमाण तसेच ठेवा. दूध पातळ करून देण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका, त्यात बाळाची खरोखर उपासमार होते.

याच काळात पाजण्याच्या वेळा वाढवा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, दोन्ही बाजूंना, आणि बाळ नुसते चोखत राहिले व गिळेनासे झाले की छाती हाताने हलकेच दाबा, पुन्हा घोट ऐकू येतील. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात गेलेला असला, तर पकड बरोबर आहे. दुखत असेल तर पकड सोडवून पुन्हा लावा. दुपारी बाळाला लंगोटावर, तुमच्या उघड्या छातीशी घेऊन वरून साडी किंवा चादर पांघरून पडून राहा. त्याने बाळ आपणहून छातीकडे वळते.

रात्रीविषयी तुमच्या आईंना एक विनंती करायची आहे. लेकीला झोप मिळावी म्हणून रात्री बाळ आपल्याकडे घेऊन बाटली देणारी आई मायेनेच ते करते, परंतु दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असते, त्यामुळे नेमके रात्रीचेच पाजणे सोडू नये. त्याऐवजी बाळाचे ढेकर काढणे, दुपटी बदलणे आणि दिवसा लेकीला दोन तास झोपवणे त्यांनी पत्करावे.

जे वरचे दूध उरेल ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटलीतून दूध लवकर येते आणि बाळ छातीवर कष्ट करायला कंटाळते. बारशाला आलेले चांदीचे बोंडले बहुतेक घरांत कपाटात कापसात गुंडाळून पडलेले असते, ते आता कामाला येईल. फक्त त्याची चोच आतून नीट घासून, उकळून घ्या. बाळाला बसते धरा आणि दूध ओठांशी लावा, घशात ओतू नका.

भरवसा अंदाजावर नको, वजनावर ठेवा. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात. या वयात आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ती कमी पडली तर पुढची पायरी थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर आणि फिकी लघवी झाली पाहिजे. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून हे चार आठवडे दिवसा सुती लंगोट वापरलेले बरे. लघवी गडद झाली, बाळ मलूल होऊन पाजायलाही उठेना किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दोन आठवडे नेमाने करूनही वाढ दिसली नाही तर तपासणी हवी. बाळाची जीभ खालून आखडलेली असणे, तुमचा थायरॉइड बिघडलेला असणे, रक्त फार कमी असणे किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू असणे, यांतले काही आडवे येऊ शकते. दूध वाढवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणू नका.

आणि वरचे दूध दिले म्हणून स्वतःला बोल लावू नका. कावीळ झालेल्या बाळाच्या पोटात त्या तीन दिवसांत दूध जाणे गरजेचे होते.

प्रश्न : माझी सून दोन महिन्यांच्या नातवाला अंगावर आणि थोडे पावडरचे असे पाजते. पावडर सुटावी म्हणून मी तिला अळीव, डिंकाचे लाडू आणि शतावरी देते. उन्हाळ्यात बाळाला चमचाभर पाणी दिले तर चालेल का?
— एक आजी, वाई तालुका

उत्तर : काकू, लाडू सुनेच्या झिजलेल्या अंगाला हवेतच, ते द्या. पण नुसत्या लाडवाने किंवा शतावरीने पावडर सुटत नाही, बाळ वारंवार अंगाला लावल्याने सुटते. म्हणून लाडू देताना तिच्या हातातले काम काढून घ्या आणि बाळ तिच्याकडे द्या. तिला तहान लागेल तेवढे पाणी पिऊ द्या. बाळाला मात्र सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नको, मध नको, गुटीही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, आणि पोटात चमचाभर पाणी गेले की तेवढी दुधाची भूक मरते. उकाडा वाढला तर आणखी दोनदा पाजायला सांगा.