फाटलंय कुठे, ते आधी बघ

ट्रॉय, मिशिगन
जुलैचा शेवटचा आठवडा

चि. भाचीबाईंस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री वाचला. मुलाखत घेणाऱ्यांनी दोन पानं मागितली होती, तू अकरा पाठवलीस. तुझ्या आईचाही हाच स्वभाव, दहा ओळींच्या निबंधाला ती पुरवणी मागायची. पण घोडामैदान जवळ आलंय, तेव्हा मुद्द्यावर येतो.

प्रश्न साधा आहे. बेसबॉलचा संघ चार सामने मागे, ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपायला आठवडा, एकच सौदा करता येईल. पिचर (चेंडू टाकणारा) आणायचा की बॅटर? तू पहिल्याच ओळीत लिहिलंयस, "पिचर, कारण चांगलं पिचिंग चांगल्या बॅटिंगला रोखतं." अगं, हे वाक्य इथे म्हणीसारखं कुणाच्याही तोंडी असतं. ज्यांनी तुला हा प्रश्न दिला, त्यांनी ते हजार वेळा ऐकलंय. त्याच्या आधाराला तू आलेखही जोडलेस, पण ते काढलेस निकाल ठरवून झाल्यावर. वाचताना ते कळतं.

आधी हिशेब करू. आकडेवारीवाल्या बिल जेम्सचं सूत्र तुला पाठ आहे. विजयांचं प्रमाण म्हणजे काढलेल्या धावांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. 700 धावा काढणारा आणि 700 देणारा संघ 162 पैकी 81 सामने जिंकेल. त्याला 50 धावा जास्त काढून दे, विजय होतात सुमारे 86.6. त्याऐवजी 50 धावा कमी द्यायला लाव, विजय होतात 87. फरक अर्ध्या सामन्याचाही नाही. म्हणजे धाव काढली काय आणि वाचवली काय, भाव जवळजवळ एकच.

मग तू म्हणशील, पण पिचरच्या हातात जास्त सत्ता असते. हे आपल्या क्रिकेटच्या डोक्यातून येतं. मी 1985 साली इथे आलो तेव्हा मलाही बेसबॉल म्हणजे नुसत्या फुलटॉसचा खेळ वाटायचा. कसोटीत एखादा खेळपट्टीवर उभा राहिला की दिवसभर उभा राहतो, सगळा डाव एकटा ओढतो. इथे तसं होत नाही. कितीही मोठा बॅटर असो, नऊ जणांच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत बसून राहतो. सामन्यात चार वेळा, फार तर पाच वेळा. स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा, मात्र त्याच्या दिवशी वीसपंचवीस जणांना सामोरा जातो. पण तो येतो पाच दिवसांतून एकदा. ऑगस्ट-सप्टेंबरचे साधारण 55 सामने धर. बॅटरच्या पाळ्या 220 च्या आसपास होतात. पिचरला 11 सामने मिळतात, प्रत्येकी 24 बॅटर धरले तर 264. दोघांच्या हाती उरलेलं काम बरोबरीचंच. हा हिशेब तुझ्या अकरा पानांत कुठेच नाही, आणि खरं तर पहिल्या परिच्छेदात तोच हवा होता.

आता माझी एक फजिती ऐक. कारखान्यात असताना मी वरिष्ठांच्या मागे लागून वेल्डिंगसाठी नवा रोबो आणायला लावला. वेल्डिंग झपाट्याने व्हायला लागलं आणि गाड्यांचे सांगाडे रंगकामाच्या दाराशी रांग लावून उभे राहिले. दिवसाला बाहेर पडणाऱ्या गाड्या तेवढ्याच. मशीन उत्तम होतं, पण अडत होतं दुसरीकडेच. बेसबॉल म्हणजे कारखाना नव्हे, तिथे धावांची बेरीज सरळ होते. पण नवा माणूस येतो तेव्हा कुणीतरी बाकावर जातो. संघाला मिळतो तो या दोघांमधला फरक. नव्याची सगळी गुणवत्ता जमेत धरायची नसते, जुन्याची वजा करायची असते. तू वजा केलीच नाहीस.

ही वजाबाकी कशी चुकते हे ओकलंडने 2014 साली दाखवलं. उन्हाळ्यात त्यांची कामगिरी अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत चांगली होती. सनी ग्रे, स्कॉट कॅझमिर असे स्टार्टर घरात होतेच. तरी जुलैच्या सुरुवातीला त्यांनी शिकागो कब्जकडून जेफ समार्झिया आणि जेसन हॅमल घेतले आणि बदल्यात अ‍ॅडिसन रसेल नावाचा कोवळा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) दिला. तेवढ्याने समाधान झालं नाही. 31 जुलैला फटकेबाज योएनिस सेस्पेडेस बॉस्टनला देऊन जॉन लेस्टर आणला. लेस्टरने काय कमी केलं म्हणशील? काहीच नाही. 11 सामने, ईआरए 2.35. म्हणजे नऊ इनिंगमागे, अख्ख्या सामन्यामागे, अडीच धावाही दिल्या नाहीत. आणि संघ? घसरत घसरत 88 विजयांवर थांबला, डिव्हिजन (गटातलं पहिलं स्थान) एंजल्सने नेली. धावा आटल्या होत्या. सगळं खापर सेस्पेडेसच्या जाण्यावर फोडणं अन्याय होईल, दुखापतींनीही घात केला. पण जिथे भरलेलं होतं तिथे त्यांनी आणखी भरलं आणि तेही भिंतीची वीट काढून. डिव्हिजन हुकल्याने 30 सप्टेंबरला कॅन्सस सिटीत रॉयल्सविरुद्ध एकाच सामन्यावर सगळं आलं. लेस्टर पिचिंगला, ब्रँडन मॉसचे दोन होम रन (आपल्याकडचे षटकारच), आठव्या इनिंगला ओकलंडची 7-3 अशी आघाडी. ज्या रात्रीसाठी लेस्टर आणला, ती रात्र हीच. रॉयल्सनी सामना बाराव्या इनिंगमध्ये 9-8 ने जिंकला. रसेल मात्र दोन वर्षांनी कब्जबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकला.

तोच सेस्पेडेस. बरोबर एक वर्षाने, 31 जुलै 2015. आता तो आमच्या डेट्रॉइटकडे होता आणि आम्ही विकायला बसलो होतो. न्यूयॉर्क मेट्सकडे जेकब डिग्रॉम, मॅट हार्वी, नोआ सिंडरगार्ड असे पिचर होते. त्यांना आणखी पिचर देणं म्हणजे कोल्हापूरला गूळ पाठवणं. धावांची मात्र ओरड होती. दोनच दिवस आधी त्यांचा दुसरा एक सौदा फिसकटला होता आणि आपली बदली झाली या बातमीने विल्मर फ्लोरेस मैदानावरच रडला होता. (त्याने 31 तारखेच्या रात्री बाराव्या इनिंगमध्ये सामना जिंकून देणारा होम रन मारला. आकडेवारीत याला जागा नाही, पण तू मुलाखतीला जाताना हे लक्षात असू दे. यादीतली नावं ही माणसं असतात.) सेस्पेडेस आला, 57 सामन्यांत 17 होम रन, आणि वॉशिंग्टनच्या तीन सामने मागे असलेले मेट्स वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. तिथे पहिल्याच सामन्यात, रॉयल्सच्या पहिल्याच बॅटरला पडलेला पहिलाच चेंडू सेस्पेडेसला सेंटर फील्डमध्ये नीट झेपला नाही आणि त्यावर होम रन धावून काढला गेला. म्हणून सांगतो, बॅटर आणताना त्याचा हातमोजाही सोबत येतो. तुझ्या तक्त्यात फील्डिंगचा रकानाच नाही.

2021 ची अटलांटा तर मला सगळ्यांत आवडते. 10 जुलैला त्यांच्या हुकमी आऊटफिल्डरचा, रोनाल्ड अकुन्याचा, गुडघा गेला. संघ रडतखडत निम्मे सामने जिंकत होता. बाकीच्यांनी मोसम सोडून दिला असता. यांनी जॉक पीडरसन, अ‍ॅडम डुव्हॉल, होर्हे सोलेर, एडी रोझारिओ असे चार आऊटफिल्डर गोळा केले. एकही पहिल्या रांगेतला नाही. रोझारिओ तर त्या वेळी जायबंदी होता आणि त्याच्या बदल्यात जो दिला, त्याला समोरच्या संघाने लगेच मोकळा केला. चिंचोक्यांच्या भावात! पण आऊटफिल्ड ओस पडलं होतं, त्यामुळे बरा माणूससुद्धा खूप मोठा फरक करून गेला. रोझारिओ लीग चॅम्पियनशिपचा सर्वोत्तम खेळाडू, सोलेर वर्ल्ड सिरीजचा, आणि अजिंक्यपद अटलांटाकडे.

याचा अर्थ "बॅटर आण" असा घेऊ नकोस, नाहीतर एक म्हण सोडून दुसरी धरशील. 2008 साली मिलवॉकीने जुलैच्या सुरुवातीला सीसी सबाथिया आणला. 17 सामने, 11 विजय, 2 पराभव, ईआरए 1.65, त्यात सात वेळा पूर्ण सामना एकट्याने टाकला. 1982 नंतर पहिल्यांदा ते प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) गेले. शेवटी शेवटी तर तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरत होता. तेवढं करूनही पहिल्या फेरीत फिलाडेल्फियाने त्यांना घरी पाठवलं, पण तिथवर त्यानेच नेलं होतं.

पिचरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तुझ्याकडून निसटलीय. नवा अव्वल पिचर आला की बाहेर जातो तो पाचवा स्टार्टर, म्हणजे सगळ्यांत कच्चा. त्यामुळे सप्टेंबरपर्यंत फरक मोठा दिसतो. प्लेऑफमध्ये मधे सुट्ट्या असतात, पाचव्याला तसंही कुणी उतरवत नाही. तिथे नवा माणूस चौथ्याची, कधी तिसऱ्याची जागा घेतो. म्हणजे दर सामन्यामागचा फरक कमी, पण सामन्याचं मोल कितीतरी जास्त. म्हणून आधी विचारायचं: संघाला प्लेऑफ गाठायचाय की गाठलेला आहे आणि पुढे जायचंय? चार सामने मागे असलेल्या संघाने ऑक्टोबरची स्वप्नं रंगवून पैसे मोजू नयेत असं माझं मत. आणि ऑक्टोबर कुणाचाच नसतो. 1998 साली ह्यूस्टनने रँडी जॉन्सन आणला. 10 विजय, 1 पराभव, ईआरए 1.28. प्लेऑफमध्ये सॅन डिएगोविरुद्ध चार सामन्यांत ह्यूस्टनच्या एकूण धावा 8. जॉन्सन उतरला त्या दोन्ही सामन्यांत संघाने एकेकच धाव काढली आणि दोन्ही हरले. बिचाऱ्याने काय करावं?

किंमतीबद्दल तू शेवटी दोन ओळी टाकल्यास. तो भाग मोठा कर. 1990 साली बॉस्टनने महिन्याभराच्या कामासाठी लॅरी अँडरसन हा रिलीव्हर (सामन्यात मधेच उतरणारा पिचर) घेतला. त्याने 22 इनिंग उत्तम टाकल्या. दिला कोण? जेफ बॅगवेल, जो पुढे 449 होम रन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा बॉस्टनच्या तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज होता, त्यामुळे हा पोरगा जास्तीचा वाटला. उलटही होतं. 2017 मध्ये आमच्या डेट्रॉइटने जस्टिन व्हरलँडर विकला. तो ह्यूस्टनसाठी उरलेले पाचही सामने जिंकला आणि तिथे वर्ल्ड सिरीज मिळाली (समोरच्या संघाच्या खुणा चोरण्याचं प्रकरण नंतर उघडकीला आलं, तो विषय वेगळा). आम्हाला मिळालेल्या तीन पोरांमधला सगळ्यांत नावाजलेला पिचर दुखापतींतच अडकला, मेजर लीगमध्ये आमच्यासाठी एकदाही उतरला नाही. आणि शिकागो कब्जने 2016 ला पिचर अ‍ॅरॉल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेस हा उगवता पोरगा दिला, तेव्हा हिशेबी लोकांनी कपाळाला हात लावला. अजिंक्यपदाचा 108 वर्षांचा दुष्काळ संपल्यावर त्या टोरेससाठी तिथे कोण रडलं?

तुला दिलेल्या आकड्यांकडे पुन्हा बघ. पाचवा स्टार्टर सुमार आहे, मान्य. पण डाव्या आऊटफिल्डमध्ये तीन जण आलटून पालटून खेळतात आणि तिघंही त्याच्याहून वाईट आहेत. शिवाय चांगल्या स्टार्टरसाठी सगळे झुंबड करतात, आणि त्याचं कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही. मी बॅटर आणला असता, आणि तोही फार नावाजलेला नाही. तुला वेगळं वाटलं तर वेगळं लिही, पण वजाबाकी करून लिही.

आता तू फोनवर विचारलेलं. 1987 चा डॉईल अलेक्झांडरचा सौदा आजही इथे बावळटपणाचा नमुना म्हणून सांगतात, मला काय वाटतं? माझा तो इथला तिसरा उन्हाळा. संध्याकाळी पोळ्या लाटतानाही रेडिओवर समालोचक अर्नी हार्वेलचा आवाज असायचा. आमच्या डेट्रॉइट टायगर्सकडे धावांचा तुटवडा नव्हता, पिचर कमी पडत होता. ऑगस्टमध्ये 36 वर्षांचा अलेक्झांडर आणला, बदल्यात खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमध्ये मार खाणारा वीस वर्षांचा एक मिशिगनचा पोरगा दिला. अलेक्झांडर 9 सामने जिंकला, एकही हरला नाही, ईआरए 1.53. शेवटच्या तीन दिवसांत टोरांटो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही एका सामन्याने मागे होतो. तिन्ही सामने एकेका धावेने जिंकले, त्यातला पहिला अलेक्झांडरचा. 4 ऑक्टोबरच्या रविवारी मी मिशिगन आणि ट्रंबलच्या कोपऱ्यावरच्या त्या जुन्या स्टेडियममध्ये होतो. फ्रँक टनानाने 1-0 ने सामना काढला. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली, त्याच्या अंगाला मोहरीचा वास येत होता.

पुढे मिनेसोटाने आम्हाला पाच सामन्यांत गुंडाळलं, अलेक्झांडर दोन्ही वेळा हरला, आणखी दोन मोसमांनी निवृत्त झाला. तो पोरगा जॉन स्मोल्ट्झ. अटलांटासाठी 20 वर्षं खेळला, 2015 साली हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्या ऑगस्टमध्ये माझ्यासमोर तो कागद आला असता तर मी सही केली असती. आजही करेन.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. दोन पानं. मामीने मेतकूट बाजूला काढून ठेवलंय, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा