डच लोक इंग्रजांसारखे भारतात राज्य करत का बसले नाहीत?

बहुतेक जण याचं उत्तर कोलाचेल असं देतात. १७४१ मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्मांनी डचांना तिथे हरवलं, हे खरंच. पण मला ते उत्तर अर्धवट वाटतं. डचांचा जीव मुळात भारतात नव्हताच, तो अडकला होता जायफळात.

जायफळाचं पिकलेलं फळ उकललं की आत काळपट बी दिसते आणि तिच्याभोवती लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री, आणि बियांचं कवच फोडलं की आपण पुरणात किसतो ते जायफळ. तेव्हा हे झाड इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमूटभर बेटांवरच पिकायचं. म्हणजे बेटं हातात आली की जगाचं जायफळ हातात. १६२१ मध्ये डच कंपनीच्या कून या गव्हर्नर जनरलने तिथली वस्तीच मोडून काढली. कुणी मारले गेले, कुणी उपासमारीने गेले, कुणाला गुलाम करून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) नेलं. मग बागांचे तुकडे पाडून कंपनीच्या माणसांना दिले, राबायला गुलाम आणले आणि सगळं पीक कंपनीलाच, तेही कंपनी ठरवेल त्या भावाने. लवंगेचं तर त्याच भागातल्या अंबोन बेटाबाहेर जिथे झाड दिसेल तिथे तोडायचं. माल मुद्दाम कमी ठेवून भाव चढा ठेवायचा, असा हिशेब. त्यांना भारतातून मुख्यतः कापड हवं होतं, कारण मसाल्याच्या बेटांवर तेच खपायचं. आमच्या कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती (पडके अवशेष अजून आहेत), पण तीही मुख्यतः गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला.

पोर्तुगीजांचं गणित आणखी वेगळं. मिऱ्याचा व्यापार ते करतच, पण दुसऱ्याच्या जहाजावरही कमवत. समुद्रावर टोलनाकाच म्हणा ना! ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायचा, पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची. कागद नसेल तर जहाज जप्त. अकबराच्या काळी हजच्या जहाजांनाही तो लागे, आणि त्यावर मेरी व येशूची चित्रं असतात अशी नाराजी अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी याने नोंदवली आहे.

इंग्रजांनाही आधी मसालाच हवा होता. १६२३ मध्ये अंबोनला डचांनी त्यांची माणसं मारली, तिथून पाय निघाला आणि सगळा भर हिंदुस्थानच्या कापडावर आला. आता कापडाचं झाड नसतं! विणकर हजारो गावांत पसरलेले, मक्ता घेणार कुठे? त्यामुळे दीडशे वर्षं बोटी भरून चांदी आणून माल घ्यावा लागला. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली आणि चांदीची गरज पुष्कळच सरली: बंगालच्या रयतेकडून शेतसारा वसूल करायचा, त्यातूनच बंगालचं कापड घ्यायचं आणि लंडनला विकायचं. साऱ्यासाठी जमीन लागते, जमिनीसाठी फौज, फौजेसाठी आणखी सारा. डचांना जायफळासाठी यातलं काहीच लागलं नाही, बेटं पुरली.

बाकी आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हे सगळे ‘टोपीकर’ म्हणून एकाच पंक्तीला बसवले आणि बजावलं, की यांना वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी देऊ नका.