देवमाशांमागे गेलेला कॅप्टन आणि बेटावर सापडलेला मुलगा

प्रश्न: जुन्या व्हेलिंग जहाजांवरच्या (तेलासाठी देवमाशांची शिकार करणाऱ्या) लोकांना पगार किती असायचा? आणि ते तीन-तीन वर्षं घरी का यायचे नाहीत?

उत्तर: ठरलेला पगार नसायचाच, वाटा असायचा. जहाज परत येऊन तेल विकलं गेलं की मोठा भाग मालकांचा, कॅप्टनला साधारण बारावा-पंधरावा हिस्सा आणि नवख्या खलाशाला दीडशेवा-दोनशेवा, म्हणजे पिंपं रिकामी तर खिसाही रिकामा. अटलांटिकमधे देवमासे कमी झाले तसं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पॅसिफिकमधे जावं लागायला लागलं, आणि चरबी तर डेकवरच विटांच्या भट्टीत मोठ्या कढयांमधे कढवता यायची, मग पिंपं भरेपर्यंत कोण कशाला परत फिरेल!

प्रश्न: व्हेलिंग कॅप्टन म्हणजे चाबूक घेऊन फिरणारा क्रूर माणूस असंच कायम वाचलंय. चांगला कोणी होता की नाही?

उत्तर: होता ना. विल्यम व्हिटफिल्ड, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावचा. हा माणूस मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जून 1841, त्याचं 'जॉन हाउलंड' जहाज जपानच्या दक्षिणेला तोरिशिमा नावाच्या ओसाड बेटाजवळ होतं. ताजं खायला कासवं मिळतात का बघायला त्याने होड्या पाठवल्या, तर तिथे सापडले पाच जपानी कोळी. वादळात होडी भरकटून आलेले आणि जवळपास पाच महिने अल्बट्रॉस पक्षी मारून खात जगलेले! त्यातला सगळ्यात लहान होता मांजिरो, वय 14.

आता जपान तेव्हा परदेशी जहाजांना बंद, आणि जो जपानी माणूस बाहेर जाऊन परत येईल त्याला मृत्युदंडाची भीती, त्यामुळे घरी सोडायचा रस्ताच नव्हता. व्हिटफिल्डने सगळ्यांना हवाई बेटांवरच्या होनोलुलूला नेलं, चौघांची तिथे सोय लावली. मांजिरो मात्र जहाजावर चटचट शिकत होता, त्याला बरोबर न्यायचं कॅप्टनच्या मनात आलं, पण त्याने नुसतं उचलून नेलं नाही, त्यांच्यातल्या म्होरक्याला आधी विचारलं.

1843 मधे दोघं फेअरहेवनला पोचले. मला सगळ्यात भिडते ती पुढची गोष्ट. रविवारी व्हिटफिल्ड मांजिरोला आपल्या चर्चमधे घेऊन गेला, तर तिथल्या लोकांनी सांगितलं की हा मुलगा तुमच्या कुटुंबाच्या बाकावर नाही बसू शकत, काळ्या लोकांसाठी जागा आहे तिथे बसवा. कॅप्टनने भांडण वगैरे केलं नाही, चर्चच सोडलं. दुसरीकडेही तेच, शेवटी युनिटेरियन या ख्रिश्चन पंथाच्या चर्चने मुलाला जागा दिली आणि मग सगळं कुटुंब तिथेच जायला लागलं. त्या काळात, लहान गावात, जिथे सगळे ओळखीचे, तिथे हे करायला काय धैर्य लागलं असेल विचार करा. वादळात जहाज हाकण्यापेक्षा हे अवघड आहे असं मला खरंच वाटतं.

मुलाला त्याने गणित, सर्वेक्षण आणि नौकानयन शिकवणाऱ्या शाळेत घातलं. मग मांजिरो स्वतः 'फ्रँकलिन' या व्हेलिंग जहाजावर गेला. त्या जहाजाच्या कॅप्टनला वेड लागलं, त्याला मनिलाला उतरवलं, आणि नंतर खलाशांनी मतं देऊन मांजिरोला वरची जागा दिली. पुढे कॅलिफोर्नियाच्या खाणीत सोनं शोधून 600 डॉलर जमवले आणि त्या पैशातून 1851 मधे जपानला परतला. चौकशीवर चौकशी, आईची भेट व्हायला 1852 उजाडलं. घरच्यांनी तो गेला असं समजून त्याच्या नावाचा दगडसुद्धा उभारला होता! लगेच 1853 मधे अमेरिकन युद्धनौका एदोच्या (आताच्या टोकियोच्या) खाडीत आल्या, आणि इंग्रजी येणारा, अमेरिका बघून आलेला माणूस म्हणून सरकारने त्यालाच बोलावलं, सामुराईचा दर्जा दिला. नौकानयनाचं इंग्रजी पुस्तक त्यानेच जपानीत आणलं, आणि 1860 मधे 'कानरिन मारू' जहाजातून तो दुभाष्या म्हणून परत अमेरिकेला गेला, पण ते सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच.

फेअरहेवनला जायला 1870 उजाडलं. सरकारी कामासाठी युरोपला जाताना तो वाट वाकडी करून गेला. व्हिटफिल्ड तेव्हा पासष्ट वर्षांचा, मांजिरो त्रेचाळीसचा, मधे वीसेक वर्षं गेलेली. ज्याला बेटावरून उचललं होतं तो दारात उभा.