रशियन शब्द फोडायला शिकताना

सुरुवातीला चारच तुकडे ओळखा: उपसर्ग, मूळ, प्रत्यय आणि अंत्य. ‘पोद्वोद्नी’ म्हणजे पाण्याखालचा. त्यात ‘पोद्’ म्हणजे खाली, ‘वोद्’ म्हणजे पाणी, ‘न्’ विशेषण घडवतो, आणि उरलेला अंत्य लिंग, वचन, विभक्ती सांगतो.

नवशिके हमखास इथे चुकतात:

- प्रत्यय आणि अंत्य एकच समजतात. शब्द विभक्तीत चालवून पाहा. बदलतो तो अंत्य.
- ‘स्तोल’ला (टेबल) अंत्य नाही असं धरतात. आहे, पण शून्य! शेजारी ‘स्तोला’, ‘स्तोलू’ लिहा, लगेच दिसेल.
- सारख्या आवाजाला फसतात. ‘झावोद’ म्हणजे कारखाना. त्यातला ‘वोद’ पाण्याचा नाही, ‘नेणे, चालवणे’ या अर्थाचा आहे. म्हणून आधी अर्थ जुळवा, मग तुकडा पाडा.

‘पिसात्’ (लिहिणे) आणि ‘पिशू’ (मी लिहितो) यांचं मूळ एकच, स चा श झाला इतकंच. आपल्याला हे अवघड जाऊ नये. मासा-माशाला, पैसा-पैशाला आपण रोज म्हणतो.

क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या आणि मध्येच गळणारे स्वर सध्या बाजूला ठेवा. आधी ‘वोदा’च्या (पाणी) कुळातले दहा शब्द वहीत फोडा आणि इथे टाका, मी नक्की तपासून देईन.