'इडिओमॅटिक' म्हणजे इडियमची यादी नव्हे

प्रश्न असा आलाय की आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, स्पीकिंगसाठी दोनशे इडियम्स पाठ करायला घेतलेत, तर इडियमला मराठीत म्हण म्हणायचं की वाक्प्रचार, आणि एवढ्या पाठांतराने बँड, म्हणजे त्या परीक्षेतली श्रेणी, वाढतो का?

आधी शब्दाचं बघू. म्हण म्हणजे अख्खं वाक्य, 'नाचता येईना अंगण वाकडं', तिला इंग्रजीत प्रॉव्हर्ब. इडियम म्हणजे आपला वाक्प्रचार, तो वाक्यात बसून रूप बदलतो, 'हात टेकले', 'हात टेकावे लागतील', पण आतले शब्द हलत नाहीत, पोटात कावळेच ओरडतात, चिमण्या नाही.

खरी गोची 'इडिओमॅटिक' या विशेषणात आहे. स्पीकिंगचे मार्क ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींवर, त्यातल्या शब्दसंपदेत बँड 7 साठी थोडेफार कमी वापरातले आणि इडिओमॅटिक शब्द यायला हवेत असं आहे, आणि ते वाचूनच लोक यादीच्या मागे लागतात. पण इडिओमॅटिक म्हणजे त्या भाषेच्या वळणाचं. आपण चहा 'टाकतो', भाजी 'निवडतो', फोन 'लावतो'. एखाद्या जर्मन माणसाने 'बसा, चहा टाकतो' म्हटलं तर आपण लगेच म्हणू, अरे याला मराठी येतं! आणि तोच दर वाक्यात एकेक म्हण घुसडायला लागला तर पाठ केलेलंही लगेच कळतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण परीक्षेचंच. मराठीत मास्तर परीक्षा घेतात आणि मुलं देतात, इंग्रजीत बरोब्बर उलटं, मुलं एक्झाम 'टेक' करतात किंवा 'सिट' करतात. माझी मामेबहीण नर्सिंगसाठी बाहेर जायची म्हणून माझ्याकडे बोलायचा सराव करायची, तिच्या तोंडात 'वन्स इन अ ब्लू मून' (म्हणजे क्वचित कधीतरी) अगदी घोटून बसलेलं, पण पुढच्याच वाक्यात 'आय गेव्ह माय ट्वेल्थ एक्झाम'. त्या 'गेव्ह'च्या जागी 'टुक' आणणं हे मला ब्लू मूनपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

दुसरं म्हणजे इडियमला बाज असतो, आणि यादीत तो कुठेच लिहिलेला नसतो. 'किक द बकेट'चा अर्थ 'मरणे' एवढाच दिलेला असतो, पण तो आपल्या 'गचकला'च्या पंक्तीतला आहे. स्पीकिंगच्या पार्ट टूमध्ये एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं, तिथे आवडत्या व्यक्तीबद्दल विचारलं आणि तुम्ही आजोबांबद्दल ते वापरलंत, तर मराठीत 'माझे आजोबा गचकले' म्हटल्यासारखंच ऐकू येईल. तिथे साधं 'पास्ड अवे'. मुसळधार पावसाला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणणं चुकीचं नाही पण आता जुनाट वाटतं, बोलताना सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतात. रायटिंग टास्क टूच्या अडीचशे शब्दी निबंधात तर असला रंगीत माल घालूच नका, तिथली भाषा औपचारिक लागते.

म्हणून यादीतले दहा-पंधरा, जे तुम्हाला कुणाच्या तरी तोंडून प्रत्यक्ष ऐकायला मिळालेत, तेवढे ठेवा. बाकी वेळ 'रन आउट ऑफ', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' असल्या रोजच्या जोड्यांना द्या, आणि नवीन जोडी लिहून घेताना नुसता अर्थ नको, स्वतःच्या घरातलं एक वाक्य लिहा, जसं दूध संपलं तर 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'.