इटलीतील किशोरांचा दिवस

प्रश्न : इटलीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची शाळा दुपारीच सुटते, असे ऐकले. मग त्यांच्यावर अभ्यासाचा ताण नसतो का?

उत्तर : शाळा लवकर सुटते हे बहुतांशी खरे आहे, ताण नसतो, हे मात्र खरे नाही. वयाच्या १४व्या वर्षी सुरू होणारी पाच वर्षांची उच्च माध्यमिक शाळा साधारणपणे सकाळी आठला भरते आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास सुटते, पण अनेक ठिकाणी शनिवारीही वर्ग असतात. लिचेओ (मुख्यतः विद्यापीठीय शिक्षणाची तयारी करून घेणारी शाळा), तांत्रिक की व्यावसायिक शाळा, ही निवड त्याआधीच करावी लागते आणि इतक्या कोवळ्या वयात ती लादणे मला योग्य वाटत नाही.

खरी धास्ती असते ती ‘इंतेरोगात्सिओने’ची. शिक्षक नाव पुकारतात, विद्यार्थी पुढे जाऊन सर्व वर्गासमोर धड्यावरील प्रश्नांची तोंडी उत्तरे देतो आणि त्याला दहापैकी गुण मिळतात. सहा गुण म्हणजे उत्तीर्ण. त्यामुळे घरी जेवण झाल्यावर दुपार बहुधा पाठांतरात जाते. खेळ बहुतेकदा शाळेबाहेरच्या क्लबात होतात. चौदाव्या वर्षी परवाना काढून ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, म्हणून छोट्या गावांतील मुलांना सरावाला किंवा मित्रांकडे जाण्यासाठी पालकांवर अवलंबून राहावे लागत नाही. संध्याकाळी गावातल्या चौकात, म्हणजे ‘पियात्सा’त, मुले घोळक्याने गप्पा मारत उभी दिसतात. जूनमध्ये शाळा संपली की सप्टेंबरपर्यंत जवळजवळ तीन महिने सुटी असते. एखाद्या विषयात मागे पडलेल्यांना मात्र त्या सुटीतही पुस्तके उघडावी लागतात.