वाचकांचे प्रश्न : इंजिन पाठीमागे बसलं की काय बदलतं?

मिड-इंजिन, म्हणजे चालकाच्या मागे पण मागच्या आसाच्या पुढे इंजिन असलेली, शेव्हरलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट आणि तिच्या प्रतिस्पर्धी गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटचं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं होतं. मग आठव्या पिढीत इंजिन मागे नेण्याचा खटाटोप कशासाठी?

निम्मं-निम्मं हा आकडा गाडी उभी असतानाचा आहे. गाडीने वेग घेतला की भार मागे सरकतो, आणि या गाडीत ताकद जमिनीवर उतरवण्याचं काम मागच्या दोन टायरांकडेच असतं. त्यामुळे मागच्या टायरांवर मुळात किती भार आहे, हे महत्त्वाचं ठरतं.

साधा हिशेब करून पाहा. चाकांच्या आसांमधलं अंतर २.७ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मीटर आणि टायरची पकड १ धरा. ५०:५० वजनविभागणीची मागच्या चाकांवर चालणारी गाडी जास्तीत जास्त ०.६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) इतकं त्वरण घेऊ शकते. तीच विभागणी ४०:६० केली की मर्यादा ०.७२ जीवर जाते. टायर तेच, इंजिनही तेच, तरी सुटताना वीस टक्के फायदा. आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटची विभागणी साधारण ४०:६० आहे.

दुसरं कारण वळणाचं. सातव्या पिढीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे होता, म्हणजे डंबेलसारखी रचना. अशी गाडी वळवायला आणि वळता वळता थांबवायला जोर लागतो, कारण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. २०० किलोचं इंजिन गुरुत्वमध्यापासून १.१ मीटरवर असेल तर त्याचा वाटा २४२ किलो-चौरस मीटर, ०.७ मीटरवर आणलं तर फक्त ९८. स्टिअरिंग फिरवताच नाक आत वळतं ते यामुळे.

एक गल्लत पत्रांत वारंवार दिसते. पोर्शे ९११ मिड-इंजिन नाही. तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं आहे. पोर्शेची मिड-इंजिन गाडी म्हणजे ७१८ केमन. उलट सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटचं इंजिन पुढच्या आसाच्या मागे होतं, म्हणून तिला फ्रंट-मिड म्हणतात.

प्रश्न : कॉर्व्हेट १५२७ किलो आणि ९११ करेरा एस १५१५ किलो, म्हणजे वजन सारखंच. ताकद मात्र ४९० विरुद्ध ४५०. मग ९११ घ्यायची कशाला?

हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. कॉर्व्हेटचे १५२७ किलो हे कोरडं वजन आहे, त्यात इंधन आणि इतर द्रव धरलेले नाहीत. टाकी सुमारे ७० लिटरची, त्यामुळे नुसत्या पेट्रोलचेच पन्नासएक किलो होतात. त्यात तेल, कूलंट आणि ऐच्छिक सामान धरलं की शंभर किलोहून अधिक भर पडते. २०१९च्या करेरा एसचे १५१५ किलो मात्र डीआयएन या जर्मन मानक पद्धतीचे, म्हणजे सगळे द्रव आणि ९० टक्के इंधन धरून. याच गाडीचं युरोपीय संघाच्या पद्धतीचं वजन १५९० किलो छापलेलं दिसेल, कारण त्यात चालक आणि सामानाचे ७५ किलो मिळवतात. थोडक्यात, रस्त्यावर ९११ स्पष्टपणे हलकी आहे.

ताकदीचं एकक वेगळं. त्या करेरा एसचे ४५० हे पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर होते, अमेरिकी आकडा ४४३ एचपी. कॉर्व्हेटचे ४९० एचपी म्हणजे सुमारे ४९७ पीएस. प्रत्यक्षातला फरक तुम्ही लिहिलाय त्यापेक्षा मोठा आहे.

वेगाचंही तसंच. पोर्शे याच गाडीसाठी, पीडीके हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आणि स्पोर्ट क्रोनो हे ऐच्छिक पॅकेज असताना, ०-१०० किमीला ३.५ सेकंद आणि ०-६० मैलांना ३.३ सेकंद सांगत होती. ६० मैल म्हणजे ९६.६ किमीच. शिवाय अमेरिकी मासिकांच्या चाचण्यांत पहिला एक फूट सोडून घड्याळ सुरू करण्याची प्रथा आहे, त्यात ०.२ ते ०.३ सेकंद वाचतात. दोन गाड्यांचे आकडे एकाच चाचणीतले नसतील तर ०.३ सेकंदाच्या फरकावर वाद घालू नये.

आमचं मत विचाराल तर ५९,९९५ डॉलर या सुरुवातीच्या किमतीत कॉर्व्हेटने जे दिलं, त्याला तोड नव्हती. पण स्टिअरिंगची जाण आणि स्वतः गिअर टाकण्याची सोय यासाठी जास्त पैसे मोजणारा चुकतो असंही नाही. आठव्या पिढीची कॉर्व्हेट फक्त आठ गिअरच्या ड्युअल-क्लच, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्ससह मिळते. करेरा एसला सात गिअरचा मॅन्युअल घेता येत होता.

प्रश्न : ७६० एचपीची फोर्ड मस्टँग शेल्बी जीटी५०० सुटताना ४९० एचपीच्या कॉर्व्हेटच्या मागे का राहते?

पहिल्या उत्तरातला हिशेबच इथे लागू होतो. इंजिन पुढे, वजन सुमारे १९०० किलो, ताकद मागच्या चाकांवर. कमी वेगात जास्तीची ताकद धुरात जाते. टायरने पकड घेतल्यावर मात्र चित्र उलटतं आणि पाव मैलाच्या टोकाला जीटी५००चाच वेग जास्त भरतो.

प्रश्न : ओल्या वळणावर अॅक्सिलरेटर सोडला आणि मिड-इंजिन गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर आला. असं का होतं?

अॅक्सिलरेटर सोडताच भार पुढे जातो आणि मागचे टायर हलके होतात. त्याच क्षणी इंजिन-ब्रेकिंगही मागच्याच चाकांवर पडतं. पुढचे टायर मात्र जास्त भारामुळे अधिक जोरात वळवू लागतात. वर सांगितलेला कमी विरोध इथे अंगाशी येतो. गाडी जितक्या चटकन वळते तितक्याच चटकन गरकन फिरते.

वेग सरळ रस्त्यावर असतानाच कमी करा. वळणात शिरल्यावर पाय पूर्ण न उचलता हलकाच ठेवा. मागचा भाग सुटलाच तर जायचं त्या दिशेला नजर ठेवून स्टिअरिंग लगेच उलट फिरवा, आणि पकड परत येताक्षणी तितक्याच तत्परतेने सरळ करा. अनेक जण इथे उशीर करतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. गाडी पूर्ण फिरू लागली तर पुरता ब्रेक दाबून धरा.

त्याआधी टायर तपासा. उन्हाळी टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊन पकड सोडतात. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की हवा १ पीएसआयने कमी होते, म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा.

प्रश्न : मिड-इंजिन कॉर्व्हेटची वाट इतकी वर्षं का पाहावी लागली? आणि नवी आवृत्ती येणार म्हटल्यावर थांबावं का?

अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी १९६०मध्ये सीईआरव्ही-१ (CERV I) आणि १९६४मध्ये सीईआरव्ही-२ या मिड-इंजिन प्रायोगिक गाड्या केल्या. एक्सपी-८८२ ही मिड-इंजिन प्रायोगिक गाडी तर १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ठेवली होती. उत्पादनातली गाडी १८ जुलै २०१९ला समोर आली. डंटोव्ह १९९६मध्येच गेले होते, ही गोष्ट आम्हाला अजून चुटपुट लावते.

थांबायचं की नाही, हे गरजेवर ठरवा. स्टिंगरे या मूळ आवृत्तीनंतर झेड०६ आली : ५.५ लिटर, ६७० एचपी, ८६०० आरपीएमपर्यंत फिरणारं, टर्बो नसलेलं इंजिन. मग पुढच्या चाकांना १६० एचपीची मोटर जोडलेली, एकूण ६५५ एचपीची ई-रे. ई-रेचं कोरडं वजनच १७१२ किलो आहे, हे विसरू नका. रोज चालवायची असेल तर स्टिंगरे पुरते. झेड०६चा मागचा टायर ३४५ रुंदीचा आहे, त्याचा खर्च आधी विचारा.

वेष्टण चढवलेल्या चाचणी-गाडीचे फोटो पाहताना ताकदीच्या अफवा सोडा. टायरच्या कडेवरचं माप, ब्रेक डिस्कचा आकार आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यांची रुंदी पाहा. त्यांवरून उष्णता आणि पकड यांचा अंदाज लागतो.

प्रश्न : वापरलेली मिड-इंजिन गाडी घेताना काय तपासावं?

सगळ्यात आधी कूलिंग. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असेल तर गाडीखालून लांब नळ्या जातात. कूलंट बदलताना त्यांत हवा अडकली की काटा वर-खाली होतो, हीटर थंड वारा देतो आणि इंजिनचा एखादा कोपरा तापत राहतो. अशा गाडीत नुसतं वरून ओतून भागत नाही. आधी यंत्रणेत ०.८ बारच्या आसपास निर्वात करावा, दहा मिनिटं काटा स्थिर राहतो का पाहावं आणि मगच कूलंट आत घ्यावं. काटा घसरला तर गळती आहे, ती सापडेपर्यंत भरू नये.

पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने अदलाबदल करता येत नाही. कॉर्व्हेट स्टिंगरेत पुढे २४५/३५ झेडआर१९, मागे ३०५/३० झेडआर२०. मागचे लवकर झिजतात. त्यांची आतली कड हात फिरवून पाहा, बाहेरून टायर चांगला दिसत असतानाही अलाइनमेंट बिघडल्याने ती संपलेली असते. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून तळाच्या पॅनेलचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का मोजा. एखादा नसेल तर तिथे कोणी, कशासाठी हात घातला होता, हे विक्रेत्याला विचारा.